ईदला शेजाऱ्यांना कुंदा द्यायचा तर हलाल सर्टिफिकेट लागतं का?

प्रश्न: बदली होऊन बेळगावला आलोय. शेजारी मुस्लिम कुटुंब आहे. त्यांना ईदला कुंदा द्यायचा आहे, हलाल सर्टिफिकेटवालाच घ्यावा का?

उत्तर: नाही. दूध आटवून केलेल्या कुंद्यात हराम ठरावं असं काही नसतंच. बिनधास्त द्या.

मी निपाणीचा मुसलमान, मराठी शाळेत शिकलेला. याच विषयावरून आमच्या घरात कायमची कटुता आली म्हणून लिहितोय. माझा चुलतभाऊ सौदीत नोकरीला. एका ईदला तो घरी असताना शेजारच्या काकूंनी मुलाच्या हातून गोकाकचं करदंट पाठवलं. यानं डबा उलटासुलटा करून हलालचा शिक्का शोधला. सापडेना, तसा वडी बोटानं दाबून म्हणाला, "एवढं चिवट आहे म्हणजे जिलेटिन असणार," आणि डबा त्या पोराच्या हातात परत दिला. अम्मीला कुठं तोंड लपवू असं झालं. या काकूंच्या पुरणपोळ्या खाऊन आम्ही दोघं भाऊ वाढलोय!

अरे, करदंटात डिंक असतो. झाडाचा डिंक, तुपात तळून फुलवलेला, त्यात गूळ, खोबरं, सुकामेवा. जिलेटिन निघतं जनावरांच्या कातडी-हाडांपासून, आणि ते घातलेल्या पदार्थाला हिरवा ठिपका लावता येत नाही. त्या डब्यावर तो ठिपका ठळक होता.

कुराणात मनाई आहे ती मेलेलं जनावर, वाहतं रक्त, डुकराचं मांस, अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावानं कापलेलं जनावर आणि दारू यांना. बाकीचं खाणं मुळात हलालच धरतात. सर्टिफिकेटचा उपयोग करणारा आणि खाणारा एकमेकांना ओळखत नाहीत तिथं, म्हणजे आखातात, मलेशियात माल पाठवताना. भारतात विकायला कायद्यानं ते लागत नाही. उत्तर प्रदेशात तर नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्यातीचा माल वगळून अशा सर्टिफिकेटच्या मालावर बंदीच घातली. आपल्या कर्नाटकात २०२२ च्या उगादीला हलाल मटणावर बहिष्काराची मोहीम निघाली. या सगळ्या गदारोळात तुमच्यासारख्या भल्या माणसाला दुधाच्या मिठाईचीही धास्ती वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

हां, हिरवा ठिपका दारूबद्दल काही सांगत नाही. त्यामुळं रम घातलेला केक, लिकर चॉकलेट नको. घरी बोलावून मटण करणार असाल तर ते कुठल्या दुकानातून आणतात ते विचारून तिथूनच आणा. आणि नैवेद्य दाखवलेलं असेल तर आधी सांगा. बरेच जण प्रसाद घेत नाहीत, त्याचा राग मानू नका.

भाऊ अजूनही म्हणतो, शंका असेल ते सोडावं. सोडावं की! डबा ठेवून घ्यायचा, काकूंना सलाम सांगायचा आणि स्वतः खायचं नाही, एवढं करता आलं असतं. ईदच्या दिवशी दारात आलेल्या पोराला भरला डबा घेऊन माघारी पाठवायला त्याला कुठल्या शरियतीनं सांगितलं?