मेनोनाइट सुईणींचा शोध: सुरुवात कुठून?

मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्या जुन्या सुईणी शोधताना आधी एकच वसाहत धरा. 1874 पासून रशियातून कॅनडातल्या मॅनिटोबात आलेल्या कुटुंबांपासून सुरुवात करा, साहित्य भरपूर आहे. नवशिक्यांच्या नेहमीच्या दोन चुका:

- बाईला नवऱ्याच्या आडनावाने शोधत बसणं. माहेरचं आडनाव मिळालं की गाडी पुढे सरकते.
- बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वय काढणं. यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी होतो!

सुईणीची वही हाती लागली तर घाई नको. त्रोटक नोंदींतूनही तिचा वावर कळतो.

सुईणींसोबत या घरांतलं जेवणही टिपत असाल, तर ते मात्र ऋतूप्रमाणे टिपा. शनिवारी झ्वीबाक, म्हणजे एकावर एक गोळा बसवून भाजलेले पाव. उन्हाळ्यात कलिंगडासोबत रोलकुखन, म्हणजे पिठाच्या तळलेल्या पट्ट्या, आणि बोर्श्ट नावाच्या सूपमध्ये आपल्या चुक्याच्या भाऊबंदांतला आंबट पाला. थंडी पडली की डुकराचं मांस वर्षभरासाठी टिकवायचं. सणाच्या पाककृतींवर भाळू नका, रोजचं ताट बघा.

जुन्या नोंदींची जर्मन लिपी शिकणं पुढच्या वर्षावर टाका.