खेळाडू तासभर योजना आखतात आणि पहिल्या दाराशीच ती सोडून देतात. डीएमने काय करावं?

तुम्ही डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती) आहात आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या, पात्रं होऊन फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवता. किल्ल्यात शिरायचं कसं यावर तुमचे खेळाडू तासभर खल करतात, कागदावर नकाशा काढतात, कोण कुठे उभं राहणार ते ठरवतात. मग पहिल्या पहारेकऱ्याने "कोण आहे रे तिकडे?" असं विचारलं की सगळं सोडून तलवारी उपसतात. तेव्हा योजना आखायला वेळच देऊ नये का, हा तुमचा प्रश्न.

वेळ द्या. तो तासभराचा खल मला ह्या खेळातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो. तुमच्या जगात विचार करून काही साधता येतं, असा खेळाडूंचा विश्वास असतो म्हणूनच ते इतका वेळ बसतात. तो विश्वास जिथे मोडतो, तिथे दुरुस्ती करायची आहे. माझ्या अनुभवात खेळाडूंचा उतावळेपणा हे त्याचं कारण फार कमी वेळा असतं. आपण रोल (जमलं की नाही ते ठरवायला टाकलेला फासा) कसे मागतो आणि लढाई कधी सुरू करतो, यातच बहुतेक वेळा गोम असते.

आधी गणित पाहा. चार जण लपतछपत अंगण ओलांडणार आहेत. प्रत्येकाचा स्टेल्थ (लपून जाण्याचा) रोल यशस्वी होण्याची शक्यता ७० टक्के धरू, म्हणजे चांगलीच. तुम्ही चौघांनाही वेगवेगळा रोल करायला लावलात आणि एकजण चुकला की पहारेकरी जागा होणार असेल, तर पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) निसटण्याची शक्यता उरते फक्त २४ टक्के. अंगणानंतर जिन्याशी पुन्हा तसेच चार रोल मागितलेत तर ती ६ टक्क्यांच्याही खाली जाते. त्यात एखादी पॅलाडिन (धर्मयोद्धा) पोलादी चिलखत घालून आली असेल तर तिला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. तिचे ७० टक्के ४९ वर येतात. खेळाडू हा हिशोब मांडत नाहीत, पण चोरपावलांनी जाणं आपल्याला कधीच जमत नाही हे चार-पाच सेशनमध्ये त्यांच्या अंगात भिनतं. त्यानंतर ते योजना आखतात ती हौसेने, आणि सोडतात ती अनुभवाने.

याचा उपाय नियमांतच आहे आणि तरी तो फार थोड्या टेबलांवर वापरलेला दिसतो. गटाने मिळून एखादी गोष्ट करायची असेल तर सगळ्यांनी रोल करायचा, आणि निदान निम्मे यशस्वी झाले की अख्खा गट यशस्वी. तेच चार जण, तेच ७० टक्के, पण आता शक्यता जवळजवळ ९२ टक्के होते. गोष्टीतही हे पटतं: ज्याला सवय आहे तो ज्याला नाही त्याचा हात धरून नेतो. आणि एका योजनेसाठी एकदाच रोल मागा. अंगण, जिना, दार, असा प्रत्येक पायरीवर फासा टाकायला लावलात तर कितीही हुशार योजना कुठेतरी कोसळणारच.

दुसरी गोष्ट इनिशिएटिव्हची, म्हणजे लढाई सुरू होताना कोणाची पाळी कधी ते ठरवणाऱ्या फाशाची. योजना आखताना सगळे 'आपण' म्हणत असतात. इनिशिएटिव्ह टाकला की प्रत्येकाची पाळी वेगळी होते आणि प्रत्येकजण 'मी' म्हणायला लागतो. शिवाय पात्राचा कागद डोळ्यांसमोर आणा: आर्मर क्लास, हिट पॉइंट्स (पात्राचा जीव), हल्ल्याचे आकडे, स्पेल स्लॉट्स. लढाईत आपल्याला काय करता येतं ते तिथे ठळक लिहिलेलं असतं. पहारेकऱ्याला थाप मारायची तर एक रोल, आणि पुढे सगळं डीएमच्या मनावर. बावरलेला माणूस जिथले नियम ठाऊक आहेत तिकडे धावतो, यात त्याचा काहीच दोष नाही. म्हणून योजनेला पहिला धक्का बसला की मी इनिशिएटिव्ह मागत नाही. समोरच्याला नेमकं काय हवंय ते सांगते आणि थांबते.

आमच्या टेबलावरचं एक उदाहरण देते. पार्टी मद्याचे व्यापारी बनून बॅरनच्या गढीत शिरत होती आणि एका पिंपात हाफलिंग (ठेंगण्या जमातीचा) चोर लपला होता. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "थांबा." फायटरचा (योद्धा पात्राचा) हात लगेच तलवारीकडे गेला. मी एवढंच सांगितलं की ह्या माणसाला संशय आलेला नाही. तो रात्रभर उभा राहून कंटाळलाय आणि त्याला एक पिंप स्वतःसाठी हवंय. त्याने नेमकं हाफलिंगवालं पिंप निवडलं. फायटरने तलवार सोडून पिंपाला हात लावला आणि "चला, मीच आत पोचवतो" म्हणाला. तळघरातल्या कैद्यापर्यंत जायची मूळ योजना तिथेच संपली, पण हाफलिंग थेट पहारेकऱ्यांच्या खोलीत पोचला होता आणि सगळ्या किल्ल्या तिथेच टांगलेल्या होत्या. पुढचा अर्धा तास टेबलावर कुणी खुर्चीला पाठ टेकवली नाही. योजना सोडण्याचा हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण नवी माहिती मिळाली म्हणून ती सुटली आणि तिच्यासाठी केलेली तयारी कामी आली.

ह्या खेळाची मुळंही पाहण्यासारखी आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून बाहेर आला तो सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळांतून. सुरुवातीच्या काळात लढाई तोट्याचा सौदा होती. १९८१ च्या बेसिक संचात पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट्स चार बाजूंच्या एका फाशावर ठरायचे, आणि अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्यावर मिळायचे. राक्षस मारून फारसे नाहीत. म्हणजे न लढता सोनं पळवणं हाच शहाणपणा. त्याच संचात डंजनमधला वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजला जायचा, मशाल सहा टर्न टिकायची, आणि दर दोन टर्नांनी डीएम सहा बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला की कोणीतरी भटकत येऊन धडकायचं. योजना फायद्याची होती आणि रेंगाळणं महाग. तुमच्या टेबलावर एक्सपी (अनुभवाचे गुण) फक्त मारलेल्या राक्षसांचे मिळत असतील, तर तलवार उपसायचं बक्षीस तुम्हीच देताय. कैदी सुटला तर इतके एक्सपी, मग तो कसाही सुटो, असं आधीच जाहीर करून पाहा.

खल लांबत असेल तर मी आणखी एक गोष्ट करते: माहिती मोकळ्या हाताने देते. पहारा कधी बदलतो, मागच्या दाराला कडी आहे की कुलूप, कुत्री आहेत का, हे चोर पात्राने पाहिलेलं असणारच. त्यासाठी रोल कशाला? खेळाडूंचा निम्मा वेळ डीएमच्या डोक्यात काय आहे याचे अंदाज बांधण्यात जातो. ते अंदाज चुकले की योजना पहिल्या मिनिटाला निरुपयोगी ठरते, आणि मग ती सोडण्यावाचून त्यांच्यापुढे पर्यायच नसतो.

याच अडचणीवर जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्क (२०१७) ह्या खेळात फार सुंदर तोड आहे. खेळाडूंनी फक्त योजनेचा प्रकार निवडायचा, म्हणजे हल्ला, फसवणूक, लपूनछपून वगैरे, आणि तिच्यातला एक कळीचा तपशील सांगायचा. उदाहरणार्थ, आत कुठून शिरणार. लगेच एक रोल होतो आणि थेट कामगिरीच्या मध्यात खेळ सुरू होतो. पुढे अडचण आली की खेळाडू फ्लॅशबॅक मागतो: "ह्या पहारेकऱ्याला मी कालच पैसे चारले होते." किती अवघड गोष्ट मागितली त्यानुसार स्ट्रेसची (पात्रावरच्या ताणाच्या गुणांची) किंमत मोजायची. पाचव्या आवृत्तीत मी हेच इन्स्पिरेशन (चांगल्या खेळाबद्दल डीएम देतो ते बक्षीस) खर्च करून करू देते. ज्यांना तासभर आखणी करणं आवडतं त्यांच्यावर मात्र हे लादू नका. त्यांचा आनंद त्या नकाशात असतो.

आता उरला तो खेळाडू जो कंटाळून दाराला लाथ घालतो. बहुतेक वेळा तो तोच असतो ज्याला योजनेत कामच नसतं. चिलखतवाल्या पॅलाडिनला तासभर "तू फक्त आवाज करू नकोस" एवढंच सांगितलेलं असेल तर योजना फसल्यावर ती खूश होणारच. तिला मोठ्या दरवाज्यावर पाठवा, मोठमोठ्याने द्वंद्वाचं आव्हान देऊ द्या आणि बाकीच्यांना मागून शिरू द्या. एवढं करूनही एखादा खेळाडू दर वेळी मुद्दाम मोडता घालत असेल, तर सेशननंतर त्याच्याशी एकट्याने बोला; फाशांनी किंवा नियमांनी तो प्रश्न सुटत नाही. आणि जिने नकाशा काढला होता तिलाही विचारा, तिच्या योजनेतलं काय तिला अजून वापरून पाहायचंय.

पुढच्या सेशनला गटाचा रोल आणि इनिशिएटिव्ह लांबवणं, हे दोनच बदल करा. बाकीचं नंतर.