वाचकांचे प्रश्न : दख्खनच्या राणीचा जुना फोटो

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात दख्खनच्या राणीचा कृष्णधवल फोटो आहे. मागे तारीख नाही. साल कसे ठरवावे? फोटो काचेला चिकटला आहे, तो सोडवावा का?

उत्तर : आधी डब्यांवरची अक्षरे भिंगातून वाचा. ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, ही गाडी चालवणारी जुनी रेल्वे) असेल तर फोटो बहुधा 1951 पूर्वीचा; त्या वर्षी 5 नोव्हेंबरला तिची मध्य रेल्वे झाली. मात्र सगळे डबे एका दिवसात रंगत नाहीत, म्हणून एक-दोन वर्षे पुढे-मागे धरा. वर्गाची खूण अधिक भरवशाची. 1930 मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जून 1955 मध्ये आला. त्यामुळे डब्यावर रोमन तीनचा आकडा दिसला तर फोटो त्यानंतरचा आणि 1974 च्या आधीचा, कारण तेव्हा तिसरा वर्गच बंद झाला. पेरांबूरच्या (चेन्नई) कारखान्यातले पोलादी डबे दिसले तर 1966 नंतरचा.

आता काच. फोटो अजिबात ओढू नका आणि वाफही देऊ नका. दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर, ज्यात चित्र असते, फुगून काचेला धरतो. ओढला की चित्र काचेवर राहते आणि हातात नुसता कागद येतो. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काचेसकटच स्कॅन करा : 600 डीपीआय (दर इंचाला ठिपके), पोस्टकार्डाहून लहान असेल तर 1200, फाइल टिफ. मूळ फोटो बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. सोडवायचाच असेल तर संवर्धकाकडे, म्हणजे जुने फोटो दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या.