खून आणि फाशी या विषयावर पाहावी अशी डॉक्युमेंटरी कोणती? ती पाहून फाशीबद्दलचं मत बदलतं का?

वर्नर हर्झोगची 'इंटू द ॲबिस' (२०११) पाहा. तिच्यानंतर एरॉल मॉरिसची 'द थिन ब्लू लाइन' (१९८८). ओटीटीवर ढोल वाजवत, अंधारात रक्ताचे थेंब दाखवत खुनाच्या मालिका येतात, त्या पाहू नका. त्यांतून खुनाबद्दलही काही कळत नाही आणि फाशीबद्दलही नाही.

मत बदलतं का, हा प्रश्न मात्र आमच्या घरात चाळीस वर्षं धुमसतो आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. जोशी-अभ्यंकर प्रकरण पुण्याच्या माणसाला नव्याने सांगायला नको. पण तो हिवाळा घरात कसा होता ते सांगते. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरातली तिघं मारली गेली, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा एरवी रात्री दहापर्यंत उघडा असायचा, तो दिवेलागणीला बंद व्हायला लागला. आई कडी काढायच्या आधी नाव विचारायची, आणि नाव सांगितलं तरी आणखी दोन वाक्यं बोलायला लावायची, आवाज पटेपर्यंत. बाबा एकदा रात्रीच्या एसटीनं गावाहून आले, तर सर्दीनं त्यांचा घसा बसलेला. समोरच्या काकांनी खिडकीतून बॅटरीचा झोत टाकून 'हो, तेच आहेत' म्हटल्यावर आईनं दार उघडलं. मी तेव्हा शाळेत होते, दादा कॉलेजात.

मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले या तरुणाचा मृतदेह नदीत सापडला आणि काही दिवसांतच जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह पकडले गेले. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाची मुलं. त्यांच्यासोबतचा चांडक माफीचा साक्षीदार झाला. त्यांनी आधी आपल्याच बरोबरच्या प्रकाश हेगडेला मारून पेशवे पार्काच्या तळ्यात बुडवलं होतं, हेही मग उघड झालं. एकूण दहा खून. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली.

दादाचं तेव्हापासून एकच म्हणणं आहे: चौघांना लटकवलं म्हणून पुणं पुन्हा निवांत झोपलं. कुठेही खून झाला, बलात्कार झाला, की तो हेच वाक्य काढतो. लग्नाच्या पंगतीत काढतो, दवाखान्यात रांगेत बसला असतानाही काढतो. माझं म्हणणंही तेवढंच जुनं आहे. दादा, तारखा बघ. पकडले गेले १९७७ मध्ये, फाशी झाली १९८३ मध्ये. मधली साडेसहा वर्षं पुणं कड्या लावून बसलं होतं का? त्याच वर्षांत आपण सवाई गंधर्वची रात्रभराची बैठक ऐकून पहाटे चालत घरी आलो आहोत, तू, मी, आई, सगळे. वाड्याचा दरवाजा पुन्हा दहापर्यंत उघडा राहायला लागला तो १९७७ च्याच उन्हाळ्यात. भीती गेली ती पोलिसांनी बरोबर माणसं पकडली म्हणून. दोराचा तिच्याशी संबंध नव्हता.

माझा भाचा कायदा शिकतो. त्यानं एका रविवारी दादाच्या कोथरूडच्या घरी 'इंटू द ॲबिस' लावली. विषय थोडक्यात असा: टेक्ससमधल्या कॉनरो गावाजवळ २००१ मध्ये एका लाल गाडीच्या हव्यासापायी तीन माणसं मारली गेली. सँड्रा स्टॉटलर, तिचा मुलगा ॲडम आणि त्याचा मित्र जेरेमी रिचर्डसन. मायकल पेरीला मृत्युदंड झाला, जेसन बर्केटला जन्मठेप. हर्झोग पेरीला भेटतो तेव्हा त्याच्या मरणाला आठ दिवस उरलेले असतात. आणि तो सुरुवातीलाच पेरीला तोंडावर सांगतो की तू मला आवडायलाच हवास असं नाही. मला इथेच दिग्दर्शकाबद्दल आदर वाटला. फाशीला विरोध करणारे पुष्कळ लोक खुन्याला गोड करून दाखवतात, आणि मेलेल्यांना विसरतात. हर्झोग पोलिसांनी घेतलेलं त्या घराचं चित्रण दाखवतो. सँड्राच्या मुलीला पुरता वेळ देतो. एकामागून एक घरातली माणसं गेलेली ती बाई पेरीच्या मृत्यूच्या वेळी हजर होती, आणि त्यानंतर आपल्या मनावरचं ओझं उतरलं असं ती सांगते.

दादानं तिथे फिल्म थांबवायला लावली. "हे ऐकलंस? की हे तुला ऐकूच येत नाही?"

मला ऐकू आलं, आणि तिचं ओझं उतरलं यावर मी तसूभरही शंका घेणार नाही. ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यानं काय मागावं हे मी कोण सांगणार? पण दादाच्या घरातलं कोणी मारलं गेलेलं नाही. तो त्या बाईचं दुःख उसनं घेऊन माझ्याशी भांडत होता, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं.

मग पुढे फ्रेड ॲलन येतो. हंट्सव्हिलच्या तुरुंगात शिक्षा झालेल्याला पलंगाला बांधणाऱ्या तुकडीचा प्रमुख. सव्वाशेच्या आसपास मृत्युदंड त्याच्या हातून पार पडले. १९९८ मध्ये कार्ला फे टकरला मारल्यानंतर काही दिवसांनी त्याचं अंग थरथरायला लागलं, रडू आवरेना, आणि त्यानं पेन्शनवर पाणी सोडून नोकरी सोडली. दादा म्हणाला, "हळवा माणूस दिसतो." सव्वाशे माणसं बांधून देणारा माणूस हळवा! आपण 'लटकवा' म्हणतो तेव्हा खटका कोणीतरी पगारी माणूस ओढणार असतो, त्याचा विचार 'लटकवा' म्हणणाऱ्यांपैकी एकजणही करत नाही.

वहिनी तोवर गप्प होती. तिचं माहेर भांडारकर रस्त्याजवळचं, अभ्यंकरांच्या बंगल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ती म्हणाली, "अहो, फाशी झाली त्या दिवशी आम्ही काय करत होतो ते मला काही आठवत नाही. पकडल्याची बातमी आली तो दिवस आठवतो. आमच्या आईनं सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या." दादानं तिला उत्तर दिलं नाही. मला मात्र देत राहिला.

राठी खून खटला तर त्याच्या घराच्या अंगणातला. २६ ऑगस्ट १९९४, पौड रस्ता, एका घरातले सात जण, त्यांत लहान मुलं आणि एक गरोदर बाई. दादानं त्या आठवड्यात सेफ्टी डोअर बसवून घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये दोघांची फाशी कायम केली. त्यांतल्या नारायण चौधरीबद्दल मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं काय ठरवलं माहीत आहे? गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षं ६ महिन्यांचा होता. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून. २८ वर्षं तुरुंगात काढून तो सुटला. तो निर्दोष ठरला असं मी म्हणत नाही, न्यायालयही म्हणत नाही. पण त्या वयाच्या बाल गुन्हेगाराला कायद्यानं तीन वर्षांच्या वर ठेवता येत नाही, फाशी तर नाहीच. दादा म्हणतो तशी झटपट फाशी दिली असती तर २००१ मध्येच आपण एका अशा माणसाला मारलं असतं ज्याला मारायचा अधिकार आपल्याच कायद्यानं आपल्याला दिला नव्हता.

दादाचं म्हणणं, अपवाद. मग महाराष्ट्रातलंच २००३ चं, एका घरावर हल्ला होऊन झालेल्या खुनांचं प्रकरण घ्या. आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली, त्यांतल्या तिघांची तर उच्च न्यायालयानं जन्मठेप केली होती. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चार माणसांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपास कोणी केलाच नव्हता. म्हणजे सहा गरीब माणसांची सोळा वर्षं गेली, आणि ज्या घरावर हल्ला झाला त्यांना खरे हल्लेखोर कधी मिळालेच नाहीत. त्या घराला न्याय मिळाला असं दादानं मला सिद्ध करून दाखवावं.

'द थिन ब्लू लाइन' पाहायची ती याचसाठी. १९७६ मध्ये डॅलसला एका पोलिसाचा खून झाला, रँडल ॲडम्सला मृत्युदंड झाला, आणि त्याच्याविरुद्ध बोलणारा मुख्य साक्षीदार हाच खरा संशयित होता. ॲडम्सच्या मृत्यूची तारीख ठरली होती आणि ती थोडक्यात टळली. मॉरिस साक्षीदारांच्या प्रत्येक जबाबाप्रमाणे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा उभा करतो, आणि ते एकमेकांत बसत नाहीत हे आपल्या डोळ्यांसमोर दिसतं. फिल्म आल्यानंतर वर्षभरात, १९८९ मध्ये, ॲडम्स सुटला.

तुम्ही कदाचित फाशीच्या बाजूचे असाल, तर एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करते: जन्मठेप म्हणजे काय याचं उत्तर आपल्याकडे धड कोणी देत नाही, आणि पॅरोलच्या बातम्या वाचून लोकांचं डोकं फिरतं ते उगाच नाही. पुण्याजवळच्या गहुंज्यात २००७ मध्ये एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या प्रकरणात दोघांच्या फाशीची तारीख २४ जून २०१९ ठरली होती. उशीर झाला म्हणून महिनाभरानं उच्च न्यायालयानं ती ३५ वर्षांच्या कैदेवर आणली. त्या मुलीच्या घरच्यांनी बारा वर्षं एका तारखेची वाट पाहिली. सुरुवातीलाच ३५ वर्षं म्हटलं असतं तर त्यांना पुन्हा पुन्हा कोर्टाच्या बातम्यांकडे डोळे लावून बसावं लागलं नसतं.

शिवाय टेक्सस म्हणजे येरवडा नव्हे. तिथे विषाची सुई, इथे दोर. तिथे तारीख आधी जाहीर होते, नातेवाईक समोर बसतात. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिली ते आपल्याला नंतर कळलं. तेव्हा त्या फिल्ममधलं सगळं जसंच्या तसं इथे लावू नका. आणि मी वकील नाही, कायद्यातलं बारीकसारीक एखाद्या वकिलाला विचारा.

दादाचं मत बदललं का? नाही. माझंही नाही. भाचा मात्र तेव्हापासून तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या वकिलांकडे जायला लागला आहे, आणि दादा त्याला सोडायला स्वतः गाडी काढतो. तुम्ही फिल्म पाहाल तेव्हा एकट्यानं पाहू नका, ज्याच्याशी पटत नाही अशा घरच्या माणसाबरोबर पाहा आणि मधेच कोणालाही थांबवू देऊ नका. आणि पुण्यातलं कोणी १९७६-७७ वर अशी फिल्म करणार असेल तर जक्कलच्या चित्रांपाशी आणि फाशीच्या रात्रीपाशी फार रेंगाळू नये. त्या पाच महिन्यांत पुण्यात रोज संध्याकाळी दारं लावून बसलेल्या बायका अजून आहेत, सत्तरी-ऐंशीच्या आहेत, त्यांना आधी विचारा.