आधी क्लिंकरचं बघ

प्रिय,

सिमेंटचं कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या कामात उतरायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. तुझा आराखडा वाचला. सगळा भर इंधनावर दिसतो: कोळशाऐवजी कचरा, बायोमास, वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज. हे सगळं करायलाच हवं, पण एवढ्यावर निम्मंही काम होणार नाही.

१०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी कशावरही चालव, हे ४४ किलो निघणारच. ते दगडातच आहेत. सिमेंटच्या उत्सर्जनातला साधारण ६० टक्के वाटा या एका रासायनिक क्रियेचा. म्हणून माझा आग्रह आहे की आधी सिमेंटमधलं क्लिंकर कमी कर, म्हणजे चुनखडी आणि माती एकत्र भाजून बनणारे ते खडे, जे दळून सिमेंट होतं.

क्लिंकरच्या जागी फ्लाय ॲश (वीजकेंद्रातल्या कोळशाची राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी) चांगलेच, पण कोळशाची वीजकेंद्रं आणि जुन्या पद्धतीच्या झोतभट्ट्या बंद होत जातील तसे तेही आटतील. माझा भरवसा एलसी३वर, म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या चिकणमातीच्या सिमेंटवर आहे: क्लिंकर ५० टक्के, भाजलेली चिकणमाती ३०, न भाजलेली चुनखडी १५, जिप्सम ५. माती ८०० अंशांच्या आसपास भाजते; क्लिंकरला १,४५० लागतात. उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटतं.

अडचण कारखान्याबाहेर येते. भाजलेली माती पाणी ओढते. सुपरप्लॅस्टिसायझरचा (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ ठेवणाऱ्या रसायनाचा) डोस जुळला नाही की काँक्रीट घट्ट होतं, आणि साइटवर कुणीतरी सरळ पाइप लावून मिक्सरमध्ये पाणी वाढवतं. ताकद तिथे जाते आणि खापर फुटतं नव्या सिमेंटवर. त्या माणसाला दोष देऊ नकोस. स्लॅब वेळेत भरायची जबाबदारी त्याच्या डोक्यावर असते.

नॉर्वेत ब्रेविकच्या कारखान्यात २०२५पासून कार्बन पकडून समुद्राखाली साठवतात, वर्षाला सुमारे ४ लाख टन. मोलाचं काम आहे, पण खर्चिक. क्लिंकर कमी करूनही जे उरेल, त्यासाठी ते राखून ठेव.

पुढच्या पत्रात उत्सर्जनाचे आलेख नकोत. तुझ्या मिश्रणाच्या क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) ३, ७ आणि २८ दिवसांची ताकद पाठव, आणि तासाभरात स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा, किती उतरतो तेही. साइट इंजिनिअर पहिल्यांदा हेच विचारेल.

तुझा,
काका