आठवी-नववीच्या इतिहासाच्या तासाला मुलं पेंगतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की शाळेत प्रोजेक्टर आहे, इंटरनेट लहरीप्रमाणे चालतं आणि दहा मिनिटांत मागचे बाक जांभया द्यायला लागतात. मी अठरा वर्षं हाच विषय शिकवतोय आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षं माझ्याही वर्गाची हीच तऱ्हा होती. प्रोजेक्टर आल्यावर तर जास्तच बिघडली. दिवे मालवले की मागच्या रांगेला झोपायची रीतसर परवानगीच!

माझ्याकडे खरोखर चाललेली गोष्ट सांगतो. नववीला १९६० नंतरचा भारत शिकवताना मी त्याला १९७२ चा दुष्काळ जोडतो. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या, तेव्हाचं आठवणाऱ्या एका माणसाची मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची. पहिल्या वर्षी मी वेळेचं बंधन घातलं नाही, तर एकाने चाळीस मिनिटं आणली. त्यात निम्मा वेळ मालिका आणि म्हैस. आता नियम ठरलेत: आधी विचारून घ्यायचं, टीव्ही बंद, मुलाखत पाच मिनिटं. आणि 'तेव्हा कसं वाटलं?' हा प्रश्न बाद. त्यावर सगळे 'लई हाल झाले' एवढंच म्हणतात. त्याऐवजी 'सकाळी काय खायचात?', 'कामाला किती लांब जायचात?' असं विचारायचं. मग मिलो निघते, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. सुकडी निघते, म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं. खडी फोडणं निघतं, पाझर तलावाचं काम निघतं. एका मुलीला तर तेव्हा कळलं की आपण रोज ज्या तळ्यावरून शाळेत येतो, त्याची माती आजीने डोक्यावरून वाहिलीय.

खरी गंमत वर्गात येते. एका मुलाचे आजोबा म्हणाले, 'बहात्तरला विहिरीला पाणी होतं, धान्य नव्हतं.' दुसऱ्याची आजी म्हणाली, 'पाण्यासाठी दोन कोस जायचो.' गाव एकच. मुलं माझ्याकडे बघायला लागली, खरं कोण बोलतंय? मी गप्प बसलो. (हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला उत्तर द्यायची खोड असते.) शेवटी एका मुलीने विचारलं, 'सर, त्यांच्या घरची विहीर होती का?' आजोबांची होती, आजीची नव्हती. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा म्हणून मी वर्षानुवर्षं फळ्यावर जी व्याख्या लिहून देत होतो, ती त्या दिवशी न लिहिताच झाली.

राज्यशास्त्राचा तासही त्यातूनच निघतो. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झाली, कायदा झाला १९७७ मध्ये आणि देशपातळीवरचा कायदा २००५ मध्ये. आजीच्या हातातल्या घमेल्यापासून संसदेपर्यंत सरळ जाता येतं.

तंत्रज्ञान म्हणाल तर रेकॉर्डर आणि मराठी व्हॉइस टायपिंग, बस. मुलाखतीतल्या दहा ओळी मुलं फोनला ऐकवून टाइप करून घेतात. फोन 'मिलो' हा शब्द हमखास चुकवतो, मग ऐकून दुरुस्त करावा लागतो आणि त्या निमित्ताने तीच ओळ चारदा ऐकली जाते.

सातवी-आठवीला शिवकाळाशी जोडायचं असेल तर गुगल अर्थ चांगलं. घरूनच स्क्रीनशॉट काढून न्या, शाळेतल्या नेटवर विसंबू नका. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना गेले हे पाठ असतं. पण राजगड महाराजांकडे राहिला आणि समोर दिसणारा कोंढाणा (सिंहगड) गेला, हे डोंगररांगा बघितल्यावरच टोचतं.

क्विझची ॲप्स मात्र मी सोडून दिली. पहिल्या आठवड्यात वर्ग दणाणतो, तिसऱ्या आठवड्यात कुणाचं बोट चपळ एवढीच स्पर्धा उरते.

पोर्शनची चिंता तुम्हाला असणारच. मुलाखतींना माझ्या तीन तासिका जातात, टाचणात मी त्या आधीच दाखवतो आणि हेच काम अंतर्गत गुणांसाठी धरतो. तरी एकदा वरून विचारणा झालीच की 'वर्गात मुलं बोलतायत का एवढी?'

विषय तुमच्या गावाप्रमाणे बदला. मुंबईत असाल तर १९८२ चा गिरणी संप. लातूर-धाराशिवकडे असाल तर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. पण तिथे ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे मुलांना पाठवण्याआधी स्वतः जाऊन या.

आणि काम दिवाळीच्या सुट्टीत द्या. तेव्हा मुलं आजोळी असतात आणि आजीलाही वेळ असतो.