'नाकारणे', 'झिडकारणे', 'फेटाळणे' यांत फरक काय? सगळे एकच ना?

एकच नाहीत. 'नाकारणे' सर्वांत थंड शब्द. बँक कर्ज नाकारते, त्यात राग नसतो. 'फेटाळणे' अधिकाराच्या खुर्चीतून होतं: न्यायालय याचिका फेटाळतं, अर्ज, मागणी, आरोप फेटाळले जातात. माणूस सहसा फेटाळला जात नाही. 'धुडकावणे' म्हणजे समोरच्याला किंमत न देता उडवून लावणे. सल्ला, नियम, ऑफर धुडकावतात. 'झिडकारणे' मात्र अंगावर येतं. आई स्वयंपाकात गुंतलेली, पोर पदराला लोंबकळतंय आणि ती वैतागून हात झटकते, "जा रे तिकडे!" ते झिडकारणं. पोराचा चेहरा पडतो, तो त्या शब्दाचा अर्थ.

दारातून घालवायचं तर 'हाकलणे', आणि काहीतरी कामाचं निमित्त देऊन पाठवायचं तर 'पिटाळणे'. पाहुण्यांना गप्पा मारायच्या असल्या की आम्हा पोरांना दुकानात पिटाळत असत.

खरी मजा वाक्प्रचारांत आहे. 'नारळ देणे' म्हणजे नोकरीवरून काढणे. निरोपाला श्रीफळ द्यायची पद्धत, त्यावरून आलेला टोमणा. 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' म्हणजे विनंती साफ उडवून लावणे. अक्षता तांदळाच्या असतात, वाटाण्याच्या नव्हे, हे लक्षात घेतलं की खोच कळते.

'बोळवण' शब्दाचं मला वाईट वाटतं. मुळात सन्मानाने, प्रेमाने निरोप देणं. सासरी निघालेल्या लेकीची बोळवण करतात. हल्ली वर्तमानपत्रांत मात्र शेतकऱ्यांची आश्वासनांवर बोळवण होते.